झेडचा ठावठिकाणा

१७ ऑक्टोबर २०१०, रविवार. दसरा.
आजपासून रोजनिशी. आपण लिहून ठेवले नाही तर पुढे लोक आपल्याबद्दल वाटेल ते सांगतात.

ऑफिसात पूजा झाली. सगुणबाबांचे सगळे ट्रक धुऊन, माळा घालून रस्त्याकडेला उभे. मग कॉम्प्युटरांनाही झेंडू. सगुणबाब म्हणाले, प्रत्येक ट्रकाच्या काचेवर देवीचे नाव आहे, कॉम्प्युटरांनी काय घोडे मारले? बाहेरचा स्टिकर खाणीच्या धुळीने महिनाभरात जातो, तेव्हा आतच घाल.

घातले. पडद्यावर झेड ड्राइव्ह म्हणून एक चित्र आहे. ट्रकांच्या फेऱ्यांच्या सगळ्या फाइली त्यातच असतात. त्याच्या नावात इंग्रजीची एक लांबलचक शेपटी होती. ती पुसली आणि 'श्री सातेरी प्रसन्न' लिहिले. तिन्ही कॉम्प्युटरांवर: सगुणबाबांच्या, हिशेबनीस भिकाजीकाकांच्या आणि माझ्या. काम स्वच्छ. सगुणबाब पडद्याला नमस्कार करून गेले.

माझी इथली नेमणूक देवीनेच केली आहे. सगुणबाब कौल घेतल्याशिवाय टायरसुद्धा बदलत नाहीत. मला घेऊ का म्हणून विचारले तेव्हा मूर्तीवरची उजवी कळी पडली, म्हणजे होकार. कॉलेज अर्धवट सोडलेल्याला ज्यांनी नावे ठेवली त्यांनी हे वाचावे. (वाचायला देणार नाही.)

२० ऑक्टोबर, बुधवार
फेऱ्यांच्या नोंदीसाठी संजना नावाची मुलगी कामाला लागली. डिचोलीचीच. टेबल माझ्या शेजारी, जनेलापाशी. ऊन थेट तिच्या तोंडावर येते म्हणून तिचे टेबल थोडे माझ्याकडे ओढून घेतले.

नवा कोरा कॉम्प्युटर तिला. त्यावर झेड नाही. म्हटले, चहा होईपर्यंत देतो.

संध्याकाळी सहा. उद्या देतो.

२१ ऑक्टोबर, गुरुवार
झेड जोडायची खिडकी सापडली: 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह'. अक्षर विचारते, झेड निवडले. मग खाली पत्ता विचारते. तिथे 'श्री सातेरी प्रसन्न' लिहिले. असे काही सापडत नाही म्हणाली. अमेरिकेत बनलेल्या वस्तूकडून दुसरी काय अपेक्षा.

त्याच यादीत खालीच 'डिस्कनेक्ट नेटवर्क ड्राइव्ह' अशीही ओळ आहे. तिला हात लावणार नाही. मी जोडणारा माणूस आहे.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार
संजनाला नीट समजावले. झेड हे नुसते अक्षर. फाइलींची खरी पेटी असते दुसऱ्याच कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये. आपण घरी 'वयले घर' म्हणतो, पण पोस्टमनला गाव आणि वाडा लागतो, तसे त्या कॉम्प्युटरचे नाव आणि त्यातल्या पेटीचे नाव लागते. तिने सगळे लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, मग पत्ता काय?

हुशार आहे.

ज्या मुलाने हे सगळे बसवले तो बोटीवर गेला. भिकाजीकाकांना विचारले. ते म्हणाले, झेड पहिल्यापासून आहे. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? तर पहिल्यापासून. त्यांचा झेडशी संबंध इतकाच, की त्यांनी आपली भजने त्यात भरून ठेवली आहेत आणि दिवसभर लावतात. तीही अडकत अडकत वाजतात. 'विठ्ठ' म्हणून थांबते आणि 'ल' यायला चहा पिऊन होतो.

सगुणबाब म्हणाले, पणजीहून माणूस बोलावूया. मी स्पष्ट सांगितले, पणजीचा माणूस या दारातून आत आला तर मी बाहेर जाईन. जरा जास्तच मोठ्याने सांगितले. संजनाने मान खाली घातली. बहुतेक भारावली.

संकल्प: राग बंद.

२५ ऑक्टोबर, सोमवार
नवी पद्धत. वायर जाते कुठे ते बघायचे. वायर जाईल तिथे पेटी.

वायर भिंतीतून वर गेली. मी शिडीने वर. कौलांवर एक पाइप, पाइपाला पांढरी थाळी, वायर तिच्यात. म्हणजे घरमालकाचा टीव्ही. इतके दिवस आमच्या वायरीवर बसून फुकट सिरियली बघतो आहे. थाळीचे तोंडही उलटीकडेच, साखळी-कारापूरच्या डोंगरांकडे. तिकडे काय आहे? सिग्नल येणार तो पणजीहून. मी ती पणजीकडे वळवली. त्याचे बरे झाले तर झाले.

खाली आलो तर भजन बंद.

त्याच दिवशी, दुपारी
तिन्ही कॉम्प्युटरांवरचा झेड गेला. सगुणबाब ओरडले. मीही ओरडलो. कारण चोर सापडला होता आणि हे लोक भजनाबद्दल बोलत होते. तडक वर गेलो आणि त्या थाळीला लाथ घातली. ती होती तशी डोंगराकडे फिरली. खाली आलो तर 'ल' ऐकू आला.

झेड आपोआप आला. हवामान असणार.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार
वाईट बातमी. संजनाची नोंद मागे पडते आहे. भिकाजीकाका जेवायला गेले की त्यांच्या मशीनवर, मी ट्रकांना डिझेल द्यायला गेलो की माझ्या मशीनवर, अशी ती दिवसभर उठते आणि बसते. सगुणबाब म्हणाले, तुळशीच्या लग्नापर्यंत तिच्या टेबलावर झेड आला तर ठीक, नाहीतर तिने कारापूरला खाणीच्या काट्यावर बसावे. ट्रक वजन करतात तिथे एक केबिन आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर म्हणे झेडबिड काही लागत नाही, फेऱ्या तशाच दिसतात.

झेडशिवाय फेऱ्या दिसतात! मला हसू आवरेना. धंदा करणे वेगळे आणि तंत्र समजणे वेगळे. 

संजना हसली नाही. तिचे वडील तिला खाणीवर पाठवणार नाहीत. ट्रक, ड्रायव्हर, धूळ, संध्याकाळी बस नाही. म्हणजे कारापूर म्हटले की नोकरी गेली. घरात पगार आणणारी तीच, हे भिकाजीकाकांकडून कळले.

तिला सांगितले, माझ्यावर सोड. ती म्हणाली, तुमच्यावरच आहे. 

तुमच्यावरच! (अजून 'तुम्ही' म्हणते. वेळ लागतो.)

२ नोव्हेंबर, मंगळवार
मोठा शोध. झेडच्या नावात जी शेपटी असते, तिच्यातच पत्ता असतो. मासिकात वाचले. आमच्या तिन्ही कॉम्प्युटरांवर ती कोणीतरी पुसून टाकलेली आहे. असल्या बेजबाबदार माणसांमुळे हा देश मागे आहे.

(मी पुसली, हे खरे. पण हुकमावरून. हुकूम देणाऱ्याने विचार करायला हवा होता.)

देवीचे नाव काढले की शेपटी परत येईल असे मासिक म्हणते. संध्याकाळी सगळे गेल्यावर माझ्या मशीनवर नाव निवडले. डिलीटवर बोट ठेवले. वीज गेली.

मी भीत नाही. पण घरी इब्रामपूरपर्यंत स्कूटरने जायचे असते आणि ब्रेक जुने आहेत.

५ नोव्हेंबर, शुक्रवार. दिवाळी.
पहाटे वाडीतला नरकासुर जाळला. माझ्यातला रागही त्यात टाकला असे मनात म्हटले. परत येताना एकाने माझ्या पायावर फटाका टाकला. त्याला धरून हाणला. तो राग नव्हता, शिस्त होती.

आईने विचारले, ऑफिसात तू करतोस तरी काय? म्हटले, नेटवर्क. ती म्हणाली, मग त्यातली एखादी मुलगी बघ. 

८ नोव्हेंबर, सोमवार
सगुणबाबांना सगळे सांगितले. नाव पुसायचे, पत्ता वाचायचा, परत नाव लिहायचे. तेवढा वेळ देवी समजून घेईल. सगुणबाबांनी माझ्याकडे असे बघितले, जणू मी ट्रकाच्या काचेवर दगड मारला आहे. म्हणाले, कौल घेऊया.

देवळात गेलो. गुरवाने मूर्तीला ओल्या कळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले. बाय माझे, ह्या लेकरांचो झेड म्हणान काय तो आसा, तेचेर तुझा नाव आसा, ता वायच पुसूचा काय नाय, ता सांग. आम्ही हात जोडून उभे. मी मनात हळूच दुसराही प्रश्न जोडला. तो इथे लिहीत नाही.

डावी पडली. 

मी म्हटले, परत लावा, प्रश्न चुकीचा विचारला गेला. तांत्रिक भाषा देवीला कशी कळणार? गुरव म्हणाला, देवीक तुझ्यापेक्षा जास्त कळता, घरा जा.

डावी कळी झेडचीच होती. माझ्या प्रश्नाची नव्हे. एका कळीत एकच प्रश्न मावतो.

१० नोव्हेंबर, बुधवार
संजना माझ्या मशीनवर नोंद करत होती. मी मागून दाखवायला वाकलो. ती म्हणाली, "तू जरा बाजूला हो बघू."

तू!

घरी येताना पोदेराकडून उंडे पाव घेतले. उगाच. आनंदात माणूस काहीतरी विकत घेतो.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार
दिवसभर काही सुचले नाही. भिकाजीकाका येता-जाता विचारतात, "इंजिनेरा, झेड गावलो काय रे?" शेवटी मी म्हटले, तुमची भजने बंद करा, त्यांच्यामुळेच नेटवर्क अडकते. ते म्हणाले, भजनां माझ्या आधीपासून अडकतत. पुढे बोललेच नाहीत. दुपारी मात्र आपल्या डब्यातले भाजीचे लोणचे माझ्या पोळीवर ठेवून गेले. मी त्यांना माफ केले.

डोके दुखते. रोज स्कूटर, रोज धूळ, रोज तोच चौकोन, 'पत्ता लिहा'.

१५ नोव्हेंबर, सोमवार
संजनाचे वडील आले होते. हेल्मेट हातात घेऊन दारातच उभे. कदेल दिली तरी बसले नाहीत. सगुणबाबांना म्हणाले, गुरुवारी तुळशीचे लग्न, त्या दिवशी मी तिला घेऊन जातो, तुमची गैरसोय नको. सगुणबाबही वाईट वाटल्यासारखे म्हणाले, माझा इलाज नाही, नोंद तर व्हायला हवी. दोघेही इतके हळू बोलत होते, की भांडण असते तर बरे झाले असते.

संजना कीबोर्डवरची धूळ पुसत होती. तो पुसून झाल्यावर परत पुसला.

मी तिला सांगितले, अजून मंगळवार आणि बुधवार आहे. ती म्हणाली, हो. 

१६ नोव्हेंबर, मंगळवार
जे घडले ते नीट लिहितो. इतिहास आहे.

सकाळी तिने खण रिकामा करायला घेतला. मी म्हटले, घाई कशाला, मी आहे ना. तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "श्रीनाथ, त्या दिवशी पणजीच्या माणसाला येऊ दिलं असतंस तर?"

बस. कान तापले. मी काय बोललो ते पूर्ण आठवत नाही. पणजीच्या माणसाबद्दल बोललो, झेडबद्दल बोललो, ज्याने इंग्रजी मुळाक्षरे काढली त्याच्याबद्दलही बोललो. भिकाजीकाकांनी भजन थांबवले. शेवटी म्हटले, नको मला तुमचा झेड, माझ्या कॉम्प्युटरवरसुद्धा नको, हा बघा तोडला. आणि ज्या ओळीला कधी हात लावणार नव्हतो ती, 'डिस्कनेक्ट', सगळ्यांच्या देखत दाबली.

खिडकी उघडली. काय तोडायचे म्हणून विचारत होती. आणि तिथे झेड, त्याच्यापुढे देवीबिवी काही नाही, दोन तिरप्या रेघा, KARAPUR-KANTA, आणखी एक तिरपी रेघ, TRIPS.

पूर्ण पत्ता. गावासकट.

मी उभाच. संजना माझ्या खांद्यामागून वाचत होती. तिनेच कॅन्सल दाबले. मग तिच्या टेबलाशी गेलो आणि तिरप्या रेघांसकट सगळे जसेच्या तसे घातले. झेड आला. फेऱ्या, तारखा, ट्रकांचे नंबर, सगळे तिच्या पडद्यावर उभे.

"आलो रे," भिकाजीकाका म्हणाले.

संजनाने ओढणीने डोळे पुसले आणि आधी वडिलांना फोन लावला. "बाबा, मी हयच. खाणीर जावचा नाय. नाय, खराच." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती आणि मान हलवत होती. फोन ठेवून माझ्याकडे वळली. थँक्यू म्हणाली. खण परत भरायला लागली.

डिस्कनेक्टची युक्ती मला आधीपासून ठाऊक होती. योग्य वेळेची वाट बघत होतो. पेटी कारापूरलाच असणार हा संशयही सुरुवातीपासून होताच.

१७ नोव्हेंबर, बुधवार
सगुणबाबांनी केबिनमध्ये बोलावले. मी अर्धा तास बोललो. पूर्ण धंदा कारापूरच्या त्या एका कॉम्प्युटरवर उभा आहे हे पटवून दिले. तो बंद पडला तर फेऱ्या गेल्या, बिले गेली. त्याच्यापाशी धूळ, ट्रक, आणि कॉम्प्युटरला हात लावायला घाबरणारा काटेवाला. अशा मशीनजवळ कायम जाणकार माणूस बसलेला हवा, असे टेबलावर हात आपटून सांगितले.

सगुणबाब विचारात पडले. म्हणाले, जाणकार आता कोण आहे? म्हटले, माझ्याशिवाय कोण? ते म्हणाले, तेच माझ्या मनात आले. संध्याकाळी कौल घेतला.

उजवी. गाऱ्हाणे पुरे होण्याआधीच.

जाता जाता संजनाच्या झेडची शेपटी पुसून 'श्री सातेरी प्रसन्न' घालायला सांगितले. घातले. तिन्हींवर आहे, चौथ्याने काय घोडे मारले.

२२ नोव्हेंबर, सोमवार. कारापूर.
केबिन लहान. टेबल तांबडे, खुर्ची तांबडी, दुपारनंतर मीही. भिंतीवर पांढरी थाळी, डिचोलीकडे तोंड करून. ओळखीची वाटली. काटेवाला म्हणजे दत्ताराम, सावंतवाडीकडचा, दिवसातून एकदा बोलतो. आज म्हणाला, खुर्चीचा पाय मोडलेला आहे. बसल्यानंतर म्हणाला.

निराशेचे कारण नाही. उलट विचार केला तर मीच आता झेड. ती जेव्हा जेव्हा झेड उघडेल तेव्हा ती माझ्याकडेच येणार.

२४ नोव्हेंबर, बुधवार
थाळीच्या वायरीपाशी एक डबी आहे, तिच्यावर हिरवा दिवा. डिचोलीहून कोणी झेडमध्ये काही उघडले की तो लुकलुकतो. सकाळी ऑफिस उघडायच्या वेळी सुरू झाला. जेवणाच्या वेळी थांबला. मग परत सुरू. मधेच अडखळतो, परत धावतो. माणसाचा स्वभाव कळतो दिव्यावरून. ही मुलगी बोलताना पण अशीच, मधेच थांबते.

इथल्या कॉम्प्युटरवर भिकाजीकाकांचे भजनांचे मोठे फोल्डर सापडले. पुसून तिच्या कामाला जागा करणार होतो. लोणच्याची आठवण आली. राहू दिले.

३० नोव्हेंबर, मंगळवार
ताप. धुळीने खोकला. आई म्हणाली, घरी राहा. गेलो. दिवा बघायला कोणी नसेल तर तिला काय वाटेल.

१ डिसेंबर, बुधवार
आज दिवा सकाळपासून एकसारखा चालू. जेवायच्या वेळेपर्यंत थांबला नाही. इतके काम? की उगाच उघडते आहे, बंद करते आहे, परत उघडते आहे? मी जेवण पुढे ढकलले. दत्ताराम म्हणाला, जेवा. हा त्याचा आजचा शब्द होता.

संकल्प: रविवारी डिचोलीला जायचे, तिच्याशी स्पष्ट बोलायचे, न रागावता. काय बोलायचे ते पाठ करतो आहे.

३ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी भिकाजीकाकांचा फोन. भजन फार अडकते, तुझ्या बाजूने काही करता येईल का. म्हटले, बघतो. मग सहज विचारले, संजना कशी आहे.

काका म्हणाले, "संजना? ती सोमवारपासून येना नाय रे. पणजीक सरकारी लागली. शेवटच्या दिसा सगळ्यांक सामोसे दिले. तुका कळयलां नाय कोणी?" तिचा कॉम्प्युटर बंदच आहे, वर कापड घातले आहे, जागेवर नवे माणूस कौल घेऊन ठरेल. जाताना तिने त्यांना आवर्जून सांगितले, श्रीनाथला सांगा, झेड चांगला चालतो.

म्हटले, बरे झाले. पणजी चांगली. सरकारी चांगले. खोकला आला म्हणून फोन ठेवला.

डबीवरची धूळ पुसली. वायर घट्ट केली. त्याने भजन सुधारेल असे वाटत नाही, पण काका वाट बघत असतील.

दुपारी अडीच. दिवा लुकलुकायला लागला. काका जेवून आले.